टिकला तर धरायचा

आमच्या साडूंनी ज्याला कधी मार्क दिले नाहीत अशी एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही ऋतू या पृथ्वीतलावर शिल्लक नसावा. जेवायला बसले की आमटीला मार्क, वापीहून सिल्वासाला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला मार्क, दमणगंगेच्या पुलावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताला मार्क. माझ्या लग्नात, म्हणजे आमची ओळख होऊन जेमतेम तासभर झाला असताना, त्यांनी मला मांडवाच्या एका कोपऱ्यात नेलं, मुंडावळ्यांपासून पायांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बोलणं बरं आहे. उभं राहणं जरा ढिलं आहे. दहापैकी सहा. वाईट वाटून घेऊ नका, या घरच्या लोकांनी मला त्याहून कमी दिले होते." एवढं बोलून ते मांडवाचा एक सैल झालेला खांब घट्ट करायला निघून गेले. सहा म्हणजे त्यांच्या हिशेबी पुष्कळच होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी अंतरपाटामागे शक्य तितका ताठ उभा राहिलो होतो.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो. ते मला कायम 'पाहुणे' म्हणत राहिले, आम्ही एकाच गावात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायला लागल्यावरसुद्धा. ऐंशीच्या दशकात सिल्वासात कारखाने भराभर उभे राहत होते, आणि भाऊजी तिथल्या सरकारी प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख होते. जवळच्या सायली गावात सुताचा एक नवा कारखाना निघाला, त्यांना कामगारांच्या भरतीचं आणि हजेरीचं बघणारा माणूस हवा होता, तेव्हा भाऊजींनी मला नाशिकहून बोलावून घेतलं. त्यामुळे घरात मोठी गंमत झाली. ते कामगार तयार करायचे आणि मी भरती करायचो. रविवारी दोन्ही कुटुंबं जेवायला एकत्र बसली की ते दुकानदारासारखं विचारायचे, "मागचा माल कसा निघाला?" आणि मी गिऱ्हाइकासारखं नाक मुरडायचो.

उंच, किडकिडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि कानावर पेन्सिल. ती पेन्सिल काढून ठेवायची त्यांना लग्नातही आठवण राहत नसे. स्कूटरच्या डिकीत एक तेलाची कुपी असायची, कारण कुरकुरणारं दार त्यांना सहन होत नसे. कुणाच्याही घरी गेले तरी पाणी येईपर्यंत त्यांनी बिजागरी तपासलेली असायची. एकदा एका ओळखीच्या गृहस्थांच्या दहाव्याला आम्ही सगळे भेटायला गेलो. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते, आणि त्या शांततेत येणाऱ्याजाणाऱ्यागणिक दार कुईकुई करत होतं. भाऊजींनी बराच वेळ कळ काढली. मग हळूच उठले, बाहेर जाऊन कुपी घेऊन आले आणि दाराशी उकिडवे बसून बिजागरीत तेल सोडू लागले. ताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गेलेल्या गृहस्थांची बायको पदराने डोळे टिपत म्हणाली, "बरं झालं. तेवढं एक काम राहिलं होतं ह्यांचं." घरी येताना ताई भाऊजींशी बोलल्या नाहीत, आणि भाऊजीही त्या दिवशी कुणाला मार्क देण्याच्या फंदात पडले नाहीत.

केंद्र म्हणजे दोन पत्र्याच्या शेड, एक जांभळीचं झाड आणि कुठल्या तरी मोठ्या कारखान्याने टाकून दिलेली, भाऊजींनी खटपट करून चालू केलेली यंत्रं. नरोलीच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या खानदेशी कामगारांची मुलं तिथे आपसूक यायची. पण भाऊजींचा जीव होता तो आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या मुलांवर. त्यांना आणायला ते स्वतः जायचे. खानवेलकडच्या, खेरडीकडच्या घरांच्या ओट्यावर बसून आईबापांशी तासन् तास बोलायचे, तिथला बिनदुधाचा चहा प्यायचे आणि एखाद्याने मुलगा पाठवायचं कबूल केलं की घरी येऊन ताईंना म्हणायचे, "आज एक मिळाला," जसा काही रानात मोती सापडला. एकदा मुलगा केंद्रात आला की शनिवारच्या शनिवारी परीक्षा. पत्र्याचा चौकोनी तुकडा कानशीने घासून बरोबर काटकोनात आणायचा. भाऊजी तो उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे, आणि सगळी शेड श्वास रोखून धरायची. ज्याला मार्क जास्त तो चांगला, जो चांगला त्याला काम, आणि ज्याला काम त्याचं आयुष्य मार्गी लागलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो लहानूमुळे मोडला.

लहानू खेरडीचा. बुटका, हसरा, आणि हाताला अशी जाण की भाऊजींनी त्याला आजवरच्या कुठल्याही मुलाहून जास्त मार्क दिले होते. वर्ष संपल्यावर ते त्याला स्कूटरवर मागे बसवून आमच्या कारखान्यात घेऊन आले, मुलीला सासरी पोचवायला यावं तसे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाहुणे, हा तुमच्याकडे जपून ठेवा." लहानूने कामही झकास केलं. सुपरवायझर खूश होता. मग भर पावसाळ्यात एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. न सांगता गैरहजर राहिलेल्याचं नाव ठरावीक मुदतीनंतर कमी करायचं हा कारखान्याचा नियम होता, आणि मॅनेजरनी तो लावला. भाऊजींना कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या स्वतःच्याच हातून काटकोन चुकला होता.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन खेरडीला गेले. लहानू पोटरीभर चिखलात उभा राहून रोपांच्या मुठी बांधत होता. आम्हाला बघून हात धूत बांधावर आला. पळून गेलेल्या माणसाचा ओशाळेपणा त्याच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता.

"काय रे, काम आवडलं नाही?" भाऊजींनी विचारलं.

"आवडलं, सर."

"कोणी शिव्या दिल्या?"

"शिव्या सगळ्यांनाच देतात."

"मग सोडलंस का?"

"मी नाय सोडलं, सर. आवणी आली म्हणून घरी आलो. आमच्या शेतातली झाली, परत कामावर गेलो. तर गेटवाला म्हणाला, तुझं नाव काढलं. आता काकाच्या आवणीला लागलो."

"अरे, लावणीला जायचं होतं तर रजा मागून जायचं."

लहानूने पायाचा चिखल बांधावर घासला. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "कोणाला मागायची, सर?"

लहानूच्या आईने आणलेलं पाणी पिऊन आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली आणि कठड्याला टेकून उभे राहिले. "वर्षभर शिकवलं त्याला," ते म्हणाले. "कानस कशी धरायची, ड्रिल कसं लावायचं. रजा कोणाला मागायची ते सांगायचं सुचलंच नाही."

मी म्हटलं, "भाऊजी, ती काय शिकवायची गोष्ट आहे?"

"आपल्याला वाटतं तसं. माझे वडील नोकरदार होते. ते ऑफिसात सांगून ताप काढायचे आणि सांगून लग्नाला जायचे. ते बघत मोठा झालो, म्हणून मला कोणी शिकवावं लागलं नाही. त्याच्या घरात कोण गेलंय कामावर?"

मी सोमवारी मॅनेजरकडे लहानूची रदबदली केली. मॅनेजर मुंबईचे, स्वभावाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "याला परत घेतलं तर पुढच्या पावसाळ्यात माझ्या मशीन बंद पडतील." तो विषय तिथेच संपला. भाऊजींनी लहानूला दुसरीकडे लावायचं म्हणून पुष्कळ निरोप पाठवले. तो दर वेळी हो म्हणायचा आणि यायचा नाही. पुढे तो कधीच कारखान्यात आला नाही.

त्यानंतर केंद्रात जे सुरू झालं त्याला भाऊजी 'गेटचा तास' म्हणायचे आणि बाकी सगळं गाव 'नाटक' म्हणायचं. जांभळीखाली बांबूंचं फाटक उभं केलं. त्याच्या आत एक टेबल मांडून माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मला मॅनेजर म्हणून बसवलं. भाऊजी स्वतः झाले सुपरवायझर. कारखान्यात बोलणी खायची सवय व्हावी म्हणून ते उशिरा येणाऱ्या मुलावर हिंदीतून ओरडायचे. पण त्यांच्या तोंडून निघणारी सगळ्यात जहाल शिवी म्हणजे "मूर्ख मनुष्य." मुलं पोट धरून हसायची. मग त्यांनी नरोलीहून एका ठेकेदाराच्या हाताखालचा खरा सुपरवायझर बोलावला. हा जळगावकडचा गडी, त्याच्या तोंडाचा पट्टा सबंध सायलीत प्रसिद्ध होता. पण फळ्यासमोर उभं केल्यावर त्याला घामच फुटला. "गुरुजी, तुमच्यासमोर नाही येत तोंडातून," म्हणाला आणि टोपी काढून मागच्या बाकावर जाऊन बसला.

रात्रपाळीची सवय व्हावी म्हणून एक दिवस त्यांनी शेडच्या खिडक्यांना गोणपाटं बांधली, दिवे लावले आणि भर दुपारी जाहीर केलं की आता रात्र आहे. त्यांचा अंदाज खरा ठरला, सगळेच पेंगायला लागले. सगळ्यात आधी भाऊजी स्वतः झोपले.

रजा मागण्याचा सराव मात्र गंभीर असायचा. मला सक्त ताकीद होती की पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. एक मुलगा टेबलाशी आला आणि म्हणाला, "साहेब, होळीला घरी जायचंय."

"काम आहे. जमणार नाही."

"बरं," म्हणून तो समाधानाने वळला. होळीला तर तो जाणारच होता. विचारायचं काम फक्त पार पडलं होतं.

भाऊजींनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "बरं नाही म्हणायचं. थोडं थांबायचं, पुन्हा विचारायचं, एक दिवस कमी करून मागायचं."

तो परत माझ्यासमोर आला, विचार केला आणि म्हणाला, "साहेब, होळी एक दिवस कमी करून जमेल का?"

हसण्यावारी नेण्यासारखं सगळं होतं, पण त्याचा परिणाम मला माझ्या टेबलावरून दिसायला लागला. केंद्राची मुलं आता न सांगता नाहीशी होत नव्हती. ती येऊन समोर उभी राहायची, पहिल्या नकाराला हलायची नाहीत आणि एक दिवस कमी करून मागायची. मॅनेजर कुरकुरले, "तुमच्या साडूंनी ही काय सवय लावलीय?" पण पावसाळा संपल्यावर मुलं मशीनवर उभी दिसली तेव्हा ते गप्प बसले.

भाऊजींची पुढची खोड याहून विलक्षण. दुपारी पाळी बदलायच्या वेळी ते स्कूटर काढून कुठल्या तरी कारखान्याच्या गेटसमोर जाऊन उभे राहायचे. आज सायली, उद्या नरोली. भोंगा वाजला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत आपले चेहरे शोधायचे. कोण अजून आहे, कोण दिसत नाही, कोण वाळला, कोणी नवा शर्ट घेतला. न दिसलेल्याच्या घरी त्या आठवड्यात त्यांची फेरी ठरलेली. गेटवरचे वॉचमन त्यांना बघून बिचकायचे. नरोलीच्या एका शेठना वाटलं, हा युनियनचा माणूस आहे. त्यांनी आपल्या मॅनेजरबरोबर चहा आणि फरसाण बाहेर पाठवलं. भाऊजींनी ते आनंदाने खाल्लं, फरसाणाला साडेसहा मार्क दिले आणि मॅनेजरला विचारलं, "तो आमचा रमण जेवायला कुणाबरोबर बसतो हो?" त्याला वाटलं, ही संपाची काही तरी सांकेतिक भाषा आहे.

याच काळात त्यांनी आपलं मोजमाप बदललं. शनिवारची परीक्षा चालूच होती, पण केंद्रातले किती पास झाले असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "एक पावसाळा आणि एक होळी जाऊ दे, मग सांगतो." या दोन वेळा माणूस घरी जाणारच, आणि जाऊन परत आला, गेटाने त्याला परत आत घेतलं, तरच तो कामाला लागला. "टिकला तर धरायचा," असं ते म्हणायचे. कारखान्यात पाठवलेल्या सगळ्यांना ते आपल्या अहवालात धरत नसत, फक्त टिकलेल्यांना धरत.

नव्वदच्या दशकात सगळीकडे वारं बदललं. नवी योजना आली. केंद्रांना पुढचा निधी द्यायचा तो त्यांच्या कामगिरीवर, असं ठरलं. भाऊजी खरं तर खूश झाले होते. आयुष्यभर मार्क देणाऱ्या माणसाला आता सरकारच मार्क देणार होतं. पण नव्या नियमात मुलगा पहिल्या दिवशी कामावर गेला की तो धरला जायचा. ठेकेदारांना हे लगेच उमगलं. ते केंद्रांना वाटेल तितकी नेमणुकीची पत्रं द्यायचे, मुलांना सोमवारी आत घ्यायचे आणि महिनाभरात बाहेर काढायचे. कागदावर आसपासच्या केंद्रांची सगळीच्या सगळी मुलं कामाला लागलेली. आमच्या भाऊजींचं केंद्र तेवढं ढ.

तपासणीला एक तरुण अधिकारी आले. भाऊजींनी त्यांना जेवायला घरी आणलं, मीही होतो. माणूस सज्जन होता, त्याला भाऊजींचं काम मनापासून आवडलं होतं. वरणभात कालवत तो म्हणाला, "सर, कामाला लागले किती, एवढंच विचारलंय. टिकले किती हे कोणी विचारलेलं नाही. तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताय."

"कामाला लागला म्हणजे काय धरायचं?" भाऊजींनी विचारलं.

"पहिल्या दिवशी गेटातून आत गेला, की झालं."

"मग मलाही धरा. या पाहुण्यांच्या गेटातून आत जाऊन मी कितीदा चहा पिऊन आलोय."

अधिकारी हसला, पण लगेच गंभीर झाला. "सर, तुमचं केंद्र यादीत अगदी खाली येणार. मग मला ते वाचवता येणार नाही. म्हणून सांगतोय."

ताई तूप वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "ते सांगतायत तसं लिहा ना. त्यात खोटं काय आहे?"

भाऊजींनी तूप भातात कालवलं. मग म्हणाले, "खोटं काही नाही. पण एकदा तसं लिहिलं ना, की पुढच्या वर्षीपासून मला गेटवर जायची गरजच उरणार नाही. आणि मी माणूस आळशी आहे. जाणार नाही मी."

त्यांनी आपलं होतं तसंच लिहिलं. केंद्र यादीत तळाला गेलं, आणि काही महिन्यांनी हुकूम आला. नवीन प्रवेश बंद. अर्धवट शिकलेल्या मुलांनी दुसऱ्या गावच्या केंद्रात जावं, आणि तोवर आवराआवर करावी. खानवेलकडची मुलं रोज दोन बसा बदलून परगावी शिकायला जाणार नाहीत हे भाऊजींना माहीत होतं. मुदत संपेपर्यंतच्या त्या काळात ते जे पळाले तसं मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. एकेका कारखान्यात जाऊन ते म्हणायचे, "अर्धा शिकलेला आहे, उरलेलं तुम्ही शिकवा." आणि नवा मुलगा एकट्याने पाठवायचा नाही असा त्यांचा हट्ट. जिथे त्यांचा एखादा जुना टिकलेला मुलगा असेल तिथेच नव्याला लावायचं आणि जुन्याला बजावायचं, "पहिला पावसाळा याला सांभाळ. मग याचं हा बघेल." आमच्याकडेही काही जण आले. त्यातले बहुतेक टिकले. पण केंद्र बंद झालेलं, अहवाल मागणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ही मुलं कुणाच्याच हिशेबात आली नाहीत.

त्या जूनमधली एक सकाळ मला विसरता येत नाही. भाऊजी यंत्रं ताब्यात द्यायच्या कामासाठी केंद्रात बसत होते आणि मी त्यांना काही निरोप द्यायला गेलो होतो. पायरीवर एक माणूस आणि त्याची मुलगी बसलेली. मुलीने केस चापून वेणी घातली होती, पायांत नव्या चपला होत्या. भाऊजी बाहेर आले आणि त्यांना बघून उंबऱ्यातच थबकले. खानवेलच्या पलीकडच्या एका पाड्यावर जाऊन जाऊन त्यांनी या बापाला तयार केलं होतं. मुलीला यंत्रावर काय शिकवायचं, असं म्हणणाऱ्या त्या माणसाने शेवटी कबूल केलं होतं की दहावी झाली की आणीन.

"आणली, सर," तो म्हणाला. "सुमन. पास झाली."

मार्क किती पडले, हे भाऊजींनी विचारलं नाही. ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले. "केंद्र बंद झालं रे."

"मग उद्या येऊ?"

"उद्या नाही. कायमचं बंद झालं."

त्या माणसाला ते नीट समजलं नसावं. त्याने बंद शेडकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, आण म्हणून." त्याच्या आवाजात राग नव्हता. भाऊजींना तो असता तर बरं वाटलं असतं.

ते दोघांना घरी घेऊन गेले. बाप संध्याकाळच्या बसने परतला आणि सुमन ताईंकडे राहिली. यंत्रं उचलायला ट्रक येईपर्यंत भाऊजींनी तिला शेडमध्ये शिकवलं. ट्रक गेल्यावर ओटीवर पत्रा आवळून धरायची एक पकड बसवली आणि तिथे शिकवलं. ताई तिला चपात्या शिकवू पाहायच्या, पण भाऊजी तिला दर थोड्या वेळाने बाहेर बोलवायचे. पावसाळा संपता संपता त्यांची बदली एका कार्यालयात झाली, फायलींच्या टेबलावर. सुमनला मी आमच्या कारखान्यात आणलं. पण तिच्याजवळ केंद्राचं प्रमाणपत्र नव्हतं. मॅनेजरनी तिला मशीनवर घ्यायला साफ नकार दिला आणि पॅकिंगला लावलं. दिवसभर सुताची रिळं पिशव्यांत भरायची.

बदलीच्या गावी जायच्या आदल्या दिवशी भाऊजी माझ्याकडे आले होते. चहा तसाच ठेवून म्हणाले, "त्या अधिकाऱ्याने सांगितलं तसं लिहिलं असतं, तर पाहुणे, ती पोरगी आज शेडमध्ये उभी असती."

"पण तुम्ही खरं लिहिलंत."

"खरं मी लिहिलं. रिळं भरायची पाळी तिच्यावर आली."

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. नाही तरी सगळी केंद्रं हळूहळू बंदच होत चालली होती, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि गेले.

निवृत्तीनंतर ते आणि ताई नाशिकला स्थायिक झाले. मी सिल्वासातच राहिलो. सुमनला बापाने खूप स्थळं आणली, तिने शेवटी आमच्याच कारखान्यातल्या एका मुलाशी लग्न केलं आणि सायलीला खोली घेतली. कधी कारखान्याच्या जिन्यात भेटली की विचारायची, "सर कसे आहेत?" मी नाशिकला फोन केला की पलीकडून विचारणा व्हायची, "सुमन मशीनवर गेली का?" मी म्हणायचो, अजून नाही. मग ते नाशिकच्या थंडीबद्दल बोलायला लागायचे.

बऱ्याच वर्षांनी आमच्याकडे मॅनेजर बदलले. नव्या माणसाने कागद न बघता ज्याला हवं त्याची मशीनवर परीक्षा घ्यायचं ठरवलं. सुमनने नाव दिलं आणि ती पास झाली. त्या दिवशी मी घरी जायच्या आधी फोनच्या बूथवर गेलो. ताईंनी उचलला आणि भाऊजींना हाक मारली. त्यांना यायला आता वेळ लागायचा.

"भाऊजी, सुमन मशीनवर गेली."

त्यांचा आवाज आला, "कोणत्या मशीनवर?" मी सांगितलं. "पाळी कोणती?" मी तेही सांगितलं. "बरं झालं. फार बरं झालं," ते म्हणाले, आणि विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?"

"सुमन निदान आली होती हो. पायरीवर बसून भेटून तरी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी जी आली असती, आणि त्याच्या पुढच्या... ती कुठे गेली असतील? त्यांना कुठे धरायचं?"

पलीकडे ताईंनी फोन घेतला, मुलांची चौकशी केली, दिवाळीला या म्हणाल्या.

आम्ही त्या दिवाळीला गेलो. भाऊजी मजेत होते, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. आता ते नाहीत. कामानिमित्त खानवेलच्या रस्त्याने जावं लागतं तेव्हा फाट्याफाट्यावर तरणी मुलंमुली बसची किंवा कुणाच्या टेम्पोची वाट बघत उभी दिसतात. कुठे निघालीत ते मला माहीत नसतं. मी गाडीचा वेग थोडा कमी करतो, आणि मग पुढे जातो.